दूध, जीवाणू आणि निकामी होत चाललेली औषधे

दूध हे पूर्णान्न आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले आहे. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, साखर, कॅल्शियम, जीवनसत्त्वे, पाणी, सगळे एकाच पेल्यात! पण मित्रांनो, एक गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. जे आपल्यासाठी पूर्णान्न आहे तेच जीवाणूंसाठीही पूर्णान्न आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जीवाणू वाढवायला जे पोषक द्रव तयार करतात, त्यात आणि कोमट दुधात तसा फार फरक नाही.

आता कोणी म्हणेल, इंजिनिअरिंगच्या मासिकात हे गाईम्हशींचे काय आणले? हा तर व्हेटरनरीवाल्यांचा विषय! थोडा धीर धरा. या लेखात पंप आहेत, पाईप आहेत, हीट एक्सचेंजर आहे, लॉगॅरिदम आहे आणि वीज गेल्यामुळे हजारो लोक आजारी पडल्याची खरी गोष्टही आहे. शिवाय भारत १९९८ पासून जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. २०२३-२४ मध्ये आपल्या देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघाले. तेव्हा हा विषय आपला नाही तर कोणाचा?

दुधात जीवाणू येतात कुठून?

निरोगी जनावराच्या कासेत तयार होणारे दूध जवळजवळ निर्जंतुक असते. बाहेर पडतानाच त्यात जीवाणू मिसळायला लागतात. सडाच्या टोकाची छिद्रे, कासेला लागलेले शेण, धार काढणाऱ्याचे हात, बादली, किटली, गोठ्यातली धूळ, भांडी विसळायचे पाणी, असे अनेक रस्ते आहेत. यातले बरेचसे जीवाणू निरुपद्रवी असतात. काही तर आपल्या उपयोगाचे, उदाहरणार्थ दही लावणारे लॅक्टिक आम्लाचे जीवाणू. पण काही मात्र उपद्रवी असतात.

या उपद्रवी मंडळींत पहिला मान कासदाहाच्या जीवाणूंचा. कासदाह म्हणजे कासेची सूज. गावाकडे याला 'दगडी' म्हणतात, कारण कास दगडासारखी कडक होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकसचे काही प्रकार आणि ई. कोलाय हे याचे मुख्य गुन्हेगार. दगडी दिसते तेव्हा शेतकरी लगेच सावध होतो, कारण दुधात गुठळ्या येतात, कधी रक्तही येते. खरी पंचाईत होते ती सुप्त कासदाहात. कास बरी दिसते, दूध पांढरेशुभ्र दिसते, पण जीवाणू मात्र आत मुक्काम ठोकून असतात. दूध थोडे थोडे कमी होत जाते आणि शेतकरी चाऱ्याला दोष देत बसतो.

दुसरा गट जनावरांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांचा. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, हा त्यातला महत्त्वाचा. याचा शोध मोठा रंजक आहे. माल्टा बेटावरचे ब्रिटिश सैनिक एका चिवट तापाने हैराण झाले होते. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्या तापाचा जीवाणू शोधला, पण तो माणसात येतो कसा हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी तो तिथल्या बकऱ्यांमध्ये शोधून काढला. बकऱ्या दिसायला धडधाकट होत्या, आणि त्यांचेच कच्चे दूध सैनिक पीत होते! पुढच्या वर्षी सैनिकांचे बकरीचे दूध बंद झाले आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला. आपल्या देशात हा रोग आजही आहे. म्हणूनच २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश आहे आणि चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस दिली जाते.

याशिवाय गाईंचा क्षय, क्यू-फीवर, साल्मोनेला, लिस्टेरिया अशी यादी लांबवता येईल. लिस्टेरियाची खासियत म्हणजे तो फ्रीजमध्येही हळूहळू वाढत राहतो. फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, हा आपला समज इथे खोटा ठरतो.

दामदुपटीचे गणित

सावकाराचे व्याज आणि जीवाणूंची वाढ यांचे सूत्र एकच. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जीवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. समजा धार काढल्यावर एका मिलिलिटर दुधात एक हजार जीवाणू आहेत. सहा तासांत वीस मिनिटांचे अठरा हप्ते बसतात. दोनाचा अठरावा घात म्हणजे २,६२,१४४. याला हजाराने गुणले की सव्वीस कोटींच्या वर आकडा जातो!

प्रत्यक्षात एवढी वाढ होत नाही, हे खरे. ताज्या दुधात जीवाणूंना काही काळ रोखून धरणारे नैसर्गिक घटक असतात आणि जीवाणूंनाही नव्या जागी रुळायला वेळ लागतो. पण सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. दूध लवकरात लवकर चार अंश सेल्सियसपर्यंत थंड केले तर बहुतेक जीवाणूंचा दुपटीचा काळ मिनिटांवरून कित्येक तासांवर जातो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर जे बल्क कूलर बसवले आहेत, ते याचसाठी. थंड केल्याने जीवाणू मरत नाहीत, फक्त वेळ मिळतो. आणि दुधाच्या धंद्यात वेळ हाच पैसा.

डेअरीत दुधाची प्रत पाहायला एक सोपी चाचणी असते. दुधात मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य टाकून नमुना ३७ अंशांवर ठेवायचा. जीवाणू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तासांहून अधिक टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर समजायचे की मामला बिघडलेला आहे.

पाश्चरीकरण : सेकंद आणि अंशांचा सौदा

लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाईन बिघडू नये म्हणून ती सौम्य तापवण्याची युक्ती काढली. तीच पुढे दुधाला लावली गेली. आज दोन पद्धती रूढ आहेत. एक, ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे. दुसरी, ७२ अंशांना १५ सेकंद. दोन्हींचा परिणाम सारखाच धरला जातो. मग यातून काय निघते ते पाहा.

३० मिनिटे म्हणजे १८०० सेकंद. १८०० भागिले १५ म्हणजे १२०. तापमान नऊ अंशांनी वाढवले की लागणारा वेळ १२० पट कमी झाला. १२० चा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम साधारण २.०८. नऊला २.०८ ने भागले की ४.३ येतात. म्हणजे दर सव्वाचार-साडेचार अंशांना लागणारा वेळ दहापट बदलतो! अन्न अभियांत्रिकीत याला झेड-मूल्य म्हणतात.

आता उलटा विचार करा. यंत्र ७२ ऐवजी ७० अंशांवर चालले. फक्त दोन अंशांचा फरक. थर्मामीटर थोडा चुकला, एवढेच. पण दोन अंशांमुळे लागणारा वेळ जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे त्याच १५ सेकंदांचा परिणाम एक-तृतीयांशावर येतो. ज्या जीवाणूंपैकी ७२ अंशांना लाखात एक उरला असता, त्यांपैकी आता लाखात जवळजवळ दोन हजार उरतील. चालसे-चालसे म्हणायची सोय इथे नाही.

हे तापमान तरी ठरले कसे? तापाला दाद न देणाऱ्या जीवाणूंपैकी सर्वांत चिवट कोण ते शोधायचे आणि त्याला मारेल एवढी उष्णता द्यायची. पूर्वी हा मान क्षयाच्या जीवाणूकडे होता. नंतर लक्षात आले की क्यू-फीवरचा कॉक्सिएला त्याहून चिवट आहे. म्हणून १९५६ मध्ये अमेरिकेत अर्ध्या तासाच्या पद्धतीचे तापमान १४३ वरून १४५ अंश फॅरनहाइटवर नेण्यात आले. जेमतेम दोन अंश फॅरनहाइट, पण त्यामागे केवढा अभ्यास!

आता यंत्राकडे वळू. थंड कच्चे दूध आणि गरम पाश्चराइज्ड दूध प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात. गरम दुधाची उष्णता कच्च्या दुधाला मिळते आणि इंधनाची मोठी बचत होते. पण प्लेटला बारीक चीर पडली तर? कच्चे दूध शुद्ध दुधात मिसळेल. म्हणून शुद्ध बाजूचा दाब नेहमी कच्च्या बाजूपेक्षा जास्त ठेवतात. गळती झालीच तर शुद्ध दूध कच्च्यात जाईल, कच्चे शुद्धात नाही. केवढी साधी, पण केवढी शहाणी कल्पना!

त्यानंतर येते होल्डिंग ट्यूब. दूध इथून जायला किमान १५ सेकंद लागलेच पाहिजेत. तासाला ५००० लिटर प्रवाह आणि आतला व्यास ५० मिलिमीटर असेल तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.७१ मीटर येतो. म्हणजे नळी किमान साडेदहा मीटर हवी. पण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकलोच आहोत की नळीच्या मध्यभागचा प्रवाह सरासरीपेक्षा वेगवान असतो. सर्वांत घाईत असलेल्या थेंबालाही १५ सेकंद मिळायला हवेत, म्हणून नळी त्याहून लांब ठेवावी लागते. नळीच्या शेवटी डायव्हर्शन व्हॉल्व्ह असतो. तापमान कमी पडले की तो आपोआप दूध मागे, पुन्हा तापवायला पाठवतो. आणि शेवटी खात्री करायला फॉस्फटेज चाचणी. दुधातले हे विकर नेमके पाश्चरीकरणाच्या उष्णतेनेच नष्ट होते. ते सापडले तर समजायचे की दूध नीट तापले नाही, नाहीतर त्यात कच्चे दूध मिसळले.

पाईपने केलेला घात : इलिनॉय, १९८५

एवढा बंदोबस्त असूनही घात होतोच कसा, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८५ च्या वसंत ऋतूत शिकागो आणि आसपासच्या भागात साल्मोनेलाच्या जुलाबांची प्रचंड साथ आली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्णच सोळा हजारांवर होते. जे तपासणीला गेले नाहीत तेही धरून प्रत्यक्ष आकडा पावणेदोन ते दोन लाखांच्या घरात असावा, असा अंदाज सर्वेक्षणांतून निघाला. मूळ सापडले ते एकाच डेअरीच्या दुधात, आणि तेही पाश्चराइज्ड!

तपासात संशयाची सुई गेली ती कारखान्यातल्या पाईपांच्या जोडणीवर. कच्च्या दुधाची बाजू आणि शुद्ध दुधाची बाजू एकमेकांना जोडली जाऊ शकतील अशी रचना तिथे होती. जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा दिसले की आधीचे दहा महिने हाच जीवाणू अधूनमधून लोकांना आजारी पाडत होता. म्हणजे तो कारखान्यात ठाण मांडून बसला असावा आणि पाश्चरीकरण झाल्यानंतर दुधात पुन्हा पुन्हा मिसळत असावा.

या जीवाणूची ओळख पटली ती कशावरून? त्याला एकाच वेळी अनेक प्रतिजैविके लागू पडत नव्हती आणि त्याचा हा नमुना दुर्मीळ होता. आणखी एक विचित्र गोष्ट पुढे आली. ज्यांनी आजारापूर्वी दुसऱ्या काही कारणासाठी प्रतिजैविके घेतली होती, त्यांच्यात हा आजार अधिक आढळला. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जीवाणू राहतात आणि ते उपऱ्यांना जागा देत नाहीत. औषधाने हे राखणदार मारले. औषधाला न जुमानणारा साल्मोनेला मात्र राहिला. मोकळे रानच मिळाले त्याला!

तीन तास वीज गेली : जपान, २०००

दुसरी गोष्ट जपानची. ३१ मार्च २००० रोजी होक्काइदो बेटावरच्या तायकी गावात स्नो ब्रँड कंपनीच्या दूध पावडरच्या कारखान्यात वीज गेली. छतावरचा बर्फ विद्युत कक्षात पडला हे त्याचे कारण. सुमारे तीन तास यंत्रे बंद राहिली आणि दूध कोमट अवस्थेत पडून राहिले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला एवढा वेळ पुरला. त्याने नुसती प्रजा वाढवली नाही, तर विषही तयार केले.

पुढे दूध तापवले, जीवाणू मेले. पण विष तसेच राहिले! स्टॅफिलोकॉकसचे हे विष उकळत्या तापमानालाही सहजासहजी नष्ट होत नाही. त्या दिवशीच्या पावडरीचा काही भाग पुढच्या पावडरीत वापरला गेला. ती पावडर ओसाकाच्या कारखान्यात कमी स्निग्धांशाच्या दुधात मिसळली गेली आणि जूनच्या अखेरीस तेरा हजारांहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी ओसाकाच्या कारखान्यातल्या एका अस्वच्छ व्हॉल्व्हवर संशय गेला. खरे कारण सापडायला बरेच दिवस लागले. याच कंपनीच्या होक्काइदोतल्या दुसऱ्या कारखान्यातल्या पावडरीने १९५५ मध्ये टोकियोतल्या शाळकरी मुलांना अशीच विषबाधा झाली होती, आणि तेव्हाही वीज जाणे हे एक कारण होते. पंचेचाळीस वर्षांत धडा विसरला गेला.

मेलेला जीवाणूही घात करू शकतो, हा या गोष्टीचा इशारा. आपल्याकडे वीज जाणे ही काही बातमी नव्हे. तेव्हा डेअरीतला जनरेटर आणि त्याचा डिझेलचा साठा ही चैन नाही. ते आरोग्याचे उपकरण आहे.

औषध हरते कसे?

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणात त्यांनीच इशारा दिला होता की अपुरी मात्रा घेतली तर जीवाणू मरण्याऐवजी औषधाला सरावतील. ऐकतो कोण!

जीवाणू औषधाला तोंड देतात ते मुख्यतः चार प्रकारांनी. पहिला, औषधाचे तुकडे करणारे विकर तयार करणे. दुसरा, आत शिरलेले औषध पंपाने बाहेर फेकणे. होय, जीवाणूंच्या आवरणात खरोखरच असे सूक्ष्म पंप असतात. तिसरा, औषध जिथे चिकटते ती जागाच बदलणे, म्हणजे कुलूप बदलले की जुनी किल्ली निकामी. चौथा, औषध आत येण्याची दारे कमी करणे.

बरं, हे कौशल्य फक्त मुलाबाळांनाच मिळते असेही नाही. जीवाणूंजवळ प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळे असतात. एक जीवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही, त्याची प्रत देऊ शकतो. आपण पेन ड्राइव्हवरून नोट्स देतो ना, तसेच! गोठ्यातल्या ई. कोलायने कमावलेले कौशल्य दवाखान्यातल्या जीवाणूपर्यंत पोहोचू शकते ते असे.

याचे सर्वांत धक्कादायक उदाहरण कोलिस्टिनचे. हे जुने औषध. मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले होते. पण बाकीची औषधे हरू लागली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा आले. दरम्यान अनेक देशांत ते जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जात होते. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही असा जीवाणू दाखवून दिला, ज्याची कोलिस्टिनला हरवणारी जनुक प्लाझ्मिडवर बसलेली होती. म्हणजे शेवटचा किल्लाही पडायला आला! चीनने वजनवाढीसाठीचा त्याचा वापर २०१७ मध्ये बंद केला. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यशेतीत आणि खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली.

दुधाचेही उदाहरण आहे. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या गाईंच्या दुधात मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. त्याची जनुक नेहमीच्या जनुकीपेक्षा इतकी वेगळी होती की प्रचलित जनुकीय चाचणीत तो पकडलाच जात नव्हता. तसाच प्रकार माणसांतही सापडला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रतिजैविकाला न जुमानणारा जीवाणू म्हणजे कोणी अमर राक्षस नव्हे. उष्णतेपुढे तो त्याच्या इतर भावंडांसारखाच मरतो. नीट पाश्चराइज केलेले किंवा घरी उकळलेले दूध याबाबत सुरक्षित आहे. धोका आहे तो कच्च्या दुधातून, जनावरांच्या सान्निध्यातून, न शिजलेल्या मांसातून आणि शेण-मूत्र मिसळलेल्या पाण्यातून. जनावराला दिलेल्या औषधाचा काही भाग न बदलता शेणामुतावाटे बाहेर पडतो आणि शेतात, ओढ्यात जीवाणूंची शाळा भरवतो.

आपल्या दुधात औषध किती?

जिवंत जीवाणू हा एक प्रश्न, औषधाचे अंश हा दुसरा. उकळून जीवाणू मरतात, पण प्रतिजैविकांचे बरेचसे अंश उकळूनही जात नाहीत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्क्यांत, प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने होते फक्त १२! आपण युरिया आणि साबणाच्या भेसळीची चर्चा करत बसतो, आणि त्या सर्वेक्षणात औषधाचे अंश त्याच्या सहापट नमुन्यांत निघाले. मात्र बुरशीच्या विषाचे, म्हणजे अफलाटॉक्सिनचे नमुने त्याहूनही जास्त, ३६८ होते. ते मुख्यतः बुरशी लागलेल्या पेंड-चाऱ्यातून येते.

औषधाचे अंश कधीकधी विरजणातून कळतात. दही जमणे हेच मुळी जीवाणूंचे काम. दुधात प्रतिजैविक असेल तर विरजणातले जीवाणूच मरतात आणि दही लागत नाही. चक्का, श्रीखंड, चीज करणाऱ्यांचे यामुळे नुकसान होते. थंडीत किंवा जुन्या विरजणामुळेही दही लागत नाही, म्हणून ही पक्की चाचणी नव्हे.

कायदा काय म्हणतो? औषध दिल्यावर ठरावीक काळ त्या जनावराचे दूध विकायचे नाही. वेष्टनावर तो काळ सिद्ध करून दिलेला नसेल तर २०१२ च्या नियमाप्रमाणे दुधासाठी तो किमान सात दिवसांचा धरायचा. आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडू. समजा गाय दिवसाला दहा लिटर दूध देते आणि भाव तीस रुपये आहे. सात दिवसांचे एकवीसशे रुपये गेले. वर डॉक्टरांची फी आणि औषधाचा खर्च. दोन गाईंवर घर चालवणाऱ्याने हे दूध ओतून द्यावे, असे आपण शहरात बसून किती सहज म्हणतो! सडात दोन दिवस ट्यूब सोडली, गुठळ्या थांबल्या, की तो उपचार थांबवतो. त्याला दुष्ट किंवा अडाणी म्हणून भागणार नाही. हे नुकसान दूध संघ, विमा, सरकार आणि दूध पिणारे आपण यांनी मिळून वाटून घेतले नाही, तर नियम कागदावरच राहील. औषधे टिकवण्याचा फायदा साऱ्या समाजाचा आणि खर्च मात्र एकट्या गोठ्याचा, हा न्याय नव्हे.

उपाय : गोठा, कारखाना, घर

पहिला उपाय म्हणजे रोगच होऊ न देणे. धार काढण्यापूर्वी सड धुऊन स्वच्छ कपड्याने कोरडे करणे, पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या पाहणे, धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे, ही कामे काही मिनिटांची आहेत. दूध काढल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे राहते. त्या वेळी जनावर खाली बसले तर जीवाणू आत शिरतात. म्हणून लगेच वैरण टाकली की ते अर्धा तास उभे राहते आणि छिद्र मिटते. एवढी स्वस्त युक्ती दुसरी नाही! सुप्त कासदाह ओळखायला कॅलिफोर्निया चाचणी आहे; दूध आणि विशिष्ट द्रावण मिसळले की रोगट दूध चिकट, जेलीसारखे होते. सौम्य कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप लावण्याच्या पद्धतीचा प्रसार राष्ट्रीय डेअरी विकास मंडळही करते. औषध लागलेच तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि सांगितले तेवढे दिवस पूर्ण.

दुसरा उपाय कारखान्यातला. कच्च्या आणि शुद्ध दुधाच्या पाईपांत थेट जोडणी नको. थर्मामीटर आणि डायव्हर्शन व्हॉल्व्ह यांची ठरलेल्या वेळी तपासणी हवी. पाईपच्या आत जीवाणूंचा चिकट थर बसतो. कोपरे, बंद तोंडाच्या फांद्या, झिजलेले गॅस्केट या त्याच्या आवडत्या जागा. म्हणून आराखडा काढतानाच, साफसफाईचे द्रावण पोहोचणार नाही अशी जागा ठेवायची नाही.

तिसरा उपाय घरातला. सुटे दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, उकळल्यावर ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका, लवकर फ्रीजमध्ये ठेवा. आणि सर्दी-पडशाला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणू नका. सर्दी विषाणूंनी होते, तिच्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. गोठ्यातल्या शेतकऱ्याला नावे ठेवणारे आपण हॉस्टेलच्या खोलीत तेच करत असू, तर लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणायचे!

आपले काम काय?

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली. नवी प्रतिजैविके फारशी येत नाहीत. तेव्हा आहेत ती टिकवणे हाच मार्ग.

यात इंजिनिअरला करण्यासारखे भरपूर आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना संकलन केंद्रावर एका मिनिटात औषधाचे अंश सांगणारे स्वस्त उपकरण करता येईल. कासदाहात दुधाची विद्युतवाहकता वाढते, यावर आधारलेला संवेदक तर प्रोजेक्टसाठी उत्तम विषय आहे. मेकॅनिकलवाल्यांनी वीज गेली तरी काही तास दूध थंड ठेवणारा बर्फसाठ्याचा कूलर सुधारावा. कॉम्प्युटरवाल्यांनी प्रत्येक जनावराच्या औषधाची आणि दूध न विकण्याच्या दिवसांची नोंद मराठीत ठेवणारे, साध्या फोनवर चालणारे ॲप करावे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आजही गोठा आहे, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला जायची सवय आहे. प्रश्न माहीत असलेले आणि गणित येणारे असे आपण दोन्ही आहोत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय शोधताना एकदा संकलन केंद्रावर चक्कर मारा. तिथल्या माणसाला विचारा, वीज गेली की काय करता? उत्तरातच तुमचा विषय सापडेल.